चकतीला एक वर्ष

१८ नोव्हेंबर, शनिवार

ही वही मला यांगबाईंनी दिली. आरुमला रोज किती दुखलं ते शून्य ते दहामध्ये लिहायचं, औषध कधी दिलं, काय खाल्लं, शी-शू झाली का, तेही लिहायचं. दुखण्याला आकडा असतो हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. चाळीस वर्षं तांदळाची गिरणी चालवली, मापात कधी चुकले नाही. हेही करीन. पण उजव्या पानावर आकडे आणि डाव्या पानावर मला वाटेल ते. वही माझ्या हातात दिली आहे, मग कुणी काही बोलू नये.

आज दुपारी जोन्जूच्या इस्पितळातून आरुमला घरी आणलं. डोक्यातली गाठ कापता येत नाही आणि आता शेक देऊनही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या लेकीने, मि-रानने, कागदावर सही केली. यापुढे यंत्र नाही, नळ्या नाहीत, फक्त पोरीला दुखू द्यायचं नाही. याला हॉस्पिस म्हणतात. आमच्या नामवोनच्या बाजारात हा शब्द निघाला की बायका आवाज खाली करतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी ठीक आहे. सात वर्षांच्या पोरीसाठी आईने अशी सही करायची असते का? मी मि-रानशी कामापुरतंच बोलते.

यांगबाई त्या हॉस्पिसच्या नर्स. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी घेऊन येणार. पोरगेलीच आहे. गिरणीच्या मागच्या खोलीत, खालून तापवलेल्या गरम जमिनीवर आरुमचं अंथरूण घातलं. दार उघडं ठेवलं की तिला भांड्यांवरची वाफ दिसते. 'आजी, घरचा वास आला,' म्हणाली. माझं पिल्लू ते.

दुखणं: तीन.

२३ नोव्हेंबर

आज भांडण झालं, आणि मला फार बरं वाटलं.

या जूनमध्ये सरकारने सगळ्या देशाची वयं कमी केली. म्हणे जन्मताच एक धरायचं आणि दर नव्या वर्षाला एक वाढवायचं हे बंद, जन्मतारखेपासूनच मोजायचं. माझीही दोन वर्षं गेली, पण ते गुडघ्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. चान, आमचं शेंडेफळ, बालवाडीतून हे शिकून आलं. म्हणाला, 'बाईंनी सांगितलं, मी चार वर्षांचा आणि ताई पाच. ताई माझ्यापेक्षा एकच वर्षाने मोठी आहे.'

आरुम पडल्यापडल्या लाल झाली. डाव्या बाजूचं तोंड वळत नाही, तरी ओरडली, 'दोन! मी सात खाल्लीत, तू पाच!'

तिचंच खरं. आमच्या घरात वय वाढत नाही, वय खावं लागतं. नव्या वर्षाच्या सकाळी तक्कुकची वाटी, रश्शातल्या तांदळाच्या पांढऱ्या चकत्या, पोटात गेली की एक वर्ष खाल्लं. जानेवारीची एक तारीख दुनियेसाठी. माझ्या घरात चंद्राचं नवं वर्ष, सोल्लाल, तेच खरं. सरकारला काय कळतं तांदळातलं?

आरुमने चानकडून दहा वेळा 'ताई, ताई' म्हणवून घेतलं, तेव्हा कुठे गप्प झाली. एवढं भांडायची ताकद आहे म्हणजे पोरगी सावरते आहे. शितावरून भाताची परीक्षा.

दुखणं: तीन.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक गंमत. मी विचारलं तर आरुम तीन म्हणते. मि-रानने विचारलं तर सहा. यांगबाईंनी दाराआड विचारलं तर आठ. माझ्या हाताला गुण आहे हे आता तरी पटावं. मी रोज तिच्या पाठीवरून गरम पिठाची पुरचुंडी फिरवते, त्याने उतरतं.

यांगबाईंनी वही पाहिली आणि मला विचारलं, 'आजी, आकडा विचारताना तुमचे डोळे भरतात का हो?' मी म्हटलं, गिरणीत वाफ असते, सगळ्यांचेच भरतात. त्यांनी औषधाचं माप वाढवलं. माझ्या तिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला.

५ डिसेंबर

आरुमने चित्र काढलं. उजव्या हातानेच काढते, डावा आता नुसता पडून असतो. ओळीने पाच चित्रं, प्रत्येकात ती आणि चान. पहिल्यात ती उंच. दुसऱ्यात चान तिच्या खांद्याला. तिसऱ्यात दोघं सारखी. पाचव्यात चान अगदी बापासारखा ताडमाड, आणि ही आपली पहिल्या चित्रातली तेवढीच, तोच लाल झगा.

मी म्हटलं, 'चुकलं गं. स्वतःला वाढवायला विसरलीस.'

ती म्हणाली, 'नाही विसरले.'

चित्रकलेत आमच्या घराण्याला गती नाही. मी ते भिंतीवर लावायला निघाले तर मि-रानने हातातून काढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. एवढं काय वाईट नव्हतं.

११ डिसेंबर, सोमवार

आज वाढदिवस. समुद्राच्या शेवाळाचं सूप चार चमचे घेतलं. लाल घेवड्याचे लाडू केले, दृष्ट लागू नये म्हणून दहा वर्षं होईपर्यंत दर वाढदिवसाला करायचे असतात. चानने खाल्ले. आरुमला गिळताना ठसका लागतो.

शाळेचा कागदही आला. मार्चमध्ये पहिलीत हजर राहावे. मी शनिवारीच जाऊन लाल दप्तर आणून ठेवलं होतं, ते दिलं. जावई गुन्सानहून रजा घेऊन आला होता. तो दप्तर बघून बाहेर गेला आणि बराच वेळ गाडी पुसत बसला. स्वच्छ गाडी होती.

आरुमने दप्तराच्या सगळ्या चेन उघडून पाहिल्या. मग विचारलं, 'आजी, सोल्लालला किती दिवस?'

'एकसष्ट.'

'आधी खाल्लं तर?'

'आधी खाल्लेलं धरत नाहीत,' मी सांगितलं.

हे मी मुद्दाम सांगितलं. इथे लिहून ठेवते, कारण मि-रानला सांगण्यात अर्थ नाही. माणसाला वाट बघायला काही असलं की माणूस थांबतो. माझ्या सासूला श्वास लागला होता, पण तिचा धाकटा मुलगा सैन्यातून परत यायचा होता म्हणून तीन महिने थांबली. पोरीला तक्कुक हवं आहे ना? मग एकसष्ट दिवस थांबेल. नंतर शाळेसाठी थांबेल. असं पुढे पुढे नेता येतं. सही करून मोकळं होण्यापेक्षा हे बरं.

दुखणं: दोन. मला दोन म्हणाली.

२२ डिसेंबर, शुक्रवार

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. लाल घेवड्याची पेज करायची, त्यात तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, ज्याचं जेवढं वय तेवढ्या. आरुम चार दिवस मागे लागली होती. 'आजी, पेज मला गिळता येईल. गोळ्या बारीक कर. माझ्यात जास्त टाक.'

खाण्याची एवढी इच्छा! पण यंदा हा दिवस चांद्र महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत आला. अशा वर्षाला पोरांचं वर्ष म्हणतात. घरात लहान मूल असेल तर पेज करायची नाही, पोरांवर येतं. त्याऐवजी घेवड्याची वडी वाफवायची. सगळा बाजार हे मानतो. आज मी पहाटेपासून चौदा भांडी वडी वाफवली. घरात आजारी पोर असताना मी पेज चढवली असती तर?

वडीचा कण तिच्या जिभेवर ठेवला. गिळला नाही. यांगबाईंनी बोटाने काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे घट्ट काही नको, पातळच. मग म्हणाल्या, 'तिला जे हवंय ते लवकर देऊ या आजी.' ही पोरगी मला चांद्र महिने शिकवणार.

आरुम भिंतीकडे तोंड करून पडली. रुसली. रुसायचंही बळ लागतं.

१ जानेवारी, सोमवार

नववर्षाची सुरुवात तमाशाने झाली.

सकाळी उठले तर मि-रान स्वयंपाकघरात. सोया सॉसमध्ये शिजवलेल्या कोंबडीचा रस्सा चढवला होता, माझ्याच पद्धतीने, आणि चकत्या भिजत घातल्या होत्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आज तक्कुक करते, आरुमसाठी, रश्शात कुस्करून. मी गॅस बंद केला. या घरात वय सोल्लालला खातात, माझ्या आईपासून, आजीपासून. आज दिलं की तिने वाट कशाची बघायची? हे शेवटचं मी बोलले नाही. बाकी सगळं बोलले. सहीचंही बोलले. म्हटलं, 'तू आपल्या हाताने पोरीला सोडून दिलंस.'

मि-रानने रस्सा उचलून मोरीत ओतला. पूर्ण पातेलं. मग हात धुतले आणि आरुमचं औषध द्यायला गेली. औषधाची वेळ झाल्याचं माझ्या लक्षात नव्हतं.

आरुमने सगळं ऐकलं असणार. दार उघडंच होतं. मी गेले तेव्हा म्हणाली, 'आजी, चाळीस दिवस ना?' जीभ जड झाली आहे, शब्द कळायला कान जवळ न्यावा लागतो.

मी म्हटलं, 'चाळीसच.'

दुखणं: एक. एक म्हणाली. आणि हाताची मूठ आवळून धरली होती.

९ जानेवारी, मंगळवार

कसं लिहू कळत नाही. पण लिहिते.

काल सकाळपासून आरुमला पाणीही गिळता येत नाही. औषध जिभेखाली थेंबाथेंबाने. आज दुपारी मी गिरणीत सोल्लालच्या मागणीचे तांदूळ धूत होते. चान आला, तोंड पाडून. म्हणाला, 'आजी, मी सोल्लालला तक्कुक खायचं नाही म्हणून ताईने शपथ घातली आहे. पण मला आवडतं.'

मी विचारलं, असली कसली शपथ?

तो म्हणाला, 'ताई सातवर थांबणार आहे. मी खाल्लं की सहा, मग सात, मग आठ. आठ झालो की मी दादा आणि ती धाकटी. मग मी तिला ताई म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. म्हणून तिला आधीच खूप खाऊन ठेवायचं होतं. तू देत नाहीस.'

मग विचारलं, 'आजी, एक खाल्लं तर चालेल का?'

माझे हात तांदळाच्या पाण्यात होते. ते बाहेर काढायचं सुचेना. भांडणातलं ते 'दोन!', ती पाच चित्रं, पेजेतल्या जास्तीच्या गोळ्या. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात आहे. पोरीला भूक नव्हती. पोरीला वाट बघायची नव्हती. तिला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, मी एकटी शहाणी.

मी मि-रानकडे गेले. ती खोलीबाहेर बसून चादरी घडी करत होती. तिला विचारलं, तुला ठाऊक होतं?

म्हणाली, 'चित्रं काढली तेव्हाच कळलं, आई. एक तारखेला तेच करायला घेतलं होतं.'

त्या दिवशी ती चमचाभर रस्सा गिळू शकत होती. आठ दिवसांपूर्वी. मी गॅस बंद केला. मी तिथेच जमिनीवर बसले. मि-रानने घडी केलेली चादर परत उलगडली आणि माझे ओले हात पुसले. उरलेल्या चादरी दोघींनी मिळून घडी केल्या.

मग मी यांगबाईंना फोन लावला. आधी आकड्यांचं सांगितलं, की माझे आकडे खोटे आहेत, पोर मला सांभाळून घेत होती. मग विचारलं, एक थेंब तरी जाईल का? त्या म्हणाल्या, 'एक-दोन थेंब जातील, आजी. शुक्रवारी मी असताना देऊ.'

१२ जानेवारी, शुक्रवार

परवा नवे तांदूळ दोनदा दळले, वाफवले, यंत्रातून लांब कांड्या काढल्या, गार पाण्यात सोडल्या. एक दिवस सुकवल्या. आज सकाळी चकत्या कापल्या. यंत्राने नाही, माझ्या सुरीने, तिरप्या आणि कागदासारख्या पातळ.

आरुमला मी काल विचारलं होतं, किती हव्यात? तिने विचार केला. 'चान किती जगेल?'

मी म्हटलं, शंभर.

'मग शंभर.'

मोजायला चानला बसवलं. त्याला विसापर्यंतच येतं. वीस झाले की मी त्याच्यासमोर एक लाल घेवडा ठेवायची. पाच घेवडे झाले. तो टक लावून ताटाकडे बघत होता, म्हणून आणखी एक कापली आणि म्हटलं, ही एकशे एकावी तुझी, ताईचं काही कमी होत नाही. त्याने आत जाऊन तिची परवानगी काढली, मग खाल्ली.

शंभरही चकत्या कोंबडीच्या रश्शात टाकल्या आणि विरघळेपर्यंत शिजवल्या. कापडातून गाळल्या. पुन्हा आटवलं. शेवटी चहाच्या पेल्याएवढं पांढरं पाणी राहिलं. कुणी ऐकलं असतं तर म्हातारीला वेड लागलं म्हणालं असतं, पण यांगबाई मन लावून बघत होत्या. मि-रानने आरुमला मांडीवर उंच धरलं. चमच्याच्या टोकावर दोन थेंब घेऊन मी ओठांना लावले.

आरुमने आधी विचारलं, 'मोजलं?'

'चानने मोजलं. पाच वेळा वीस.'

'चकतीला एक?'

'चकतीला एक वर्ष. नामवोनमध्ये तांदळाबद्दल माझा शब्द शेवटचा.'

तिने गिळलं. खूप वेळ लागला. यांगबाई तिच्या गळ्यावर बोट ठेवून बघत होत्या, मग त्यांनी मान हलवली. गेलं. सात आणि शंभर. चानने लगेच 'ताई' अशी हाक मारली आणि बघितलं, चालतं का ते. चाललं.

मग आरुम माझ्याकडे बघून काही बोलली. कळलं नाही. मि-रानने कान नेला आणि ती हसली. किती महिन्यांनी माझी लेक हसली. म्हणाली, 'आई, ती म्हणते, आता तू तिच्याहून लहान. तिला ताई म्हण.'

आणि मी काय केलं? मला रडू आवरेना, आणि ते दिसू नये म्हणून मी नेहमीसारखी फणकारले. म्हटलं, 'मोठी आली! सोल्लालला म्हणेन.'

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते हे.

आज मी दुखण्याचा आकडा वाफेच्या भांड्यांमागे उभी राहून विचारला, तोंड दिसणार नाही असा. सात म्हणाली, मि-रानने कान नेऊन ऐकलं. सात लिहिलं. यांगबाईंनी लगेच औषध वाढवलं. संध्याकाळी मूठ सुटली होती.

१६ जानेवारी

झोपून असते. चान तिच्या कानाशी बालवाडीतल्या गोष्टी सांगतो. प्रत्येक वाक्याच्या आधी 'ताई'.

मीही जाऊन बसते. म्हणायचं ठरवून जाते. घरात कुणी ना कुणी असतं. माझ्या वयाच्या बाईने नातीला ताई म्हणायचं, जीभ वळत नाही. उद्या म्हणेन.

१९ जानेवारी

आज सकाळी पावणेअकराला. मि-रानच्या मांडीवर. गिरणीत पहिलं भांडं वाफेवर होतं. तिला वास गेला असेल.

मी म्हटलं नव्हतं.

उजव्या पानावर मि-रानने शून्य लिहिलं.

१० फेब्रुवारी, सोल्लाल

तीन आठवडे वही उघडली नाही. यांगबाई दोनदा येऊन गेल्या, नुसत्या बसायला. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना पोरगेली म्हटल्याची माफी मागितली. त्यांनी विचारलं, कधी म्हणालात? मी म्हटलं, वहीत.

आज सकाळी पूर्वजांची पानं मांडली. नवऱ्याचं, सासूसासऱ्यांचं. तक्कुकच्या तीन वाट्या. मग मी चौथी वाटी ठेवली.

जावयाने मि-रानकडे पाहिलं. मि-रान हळूच म्हणाली, 'आई, मुलांचं पान मांडत नाहीत.' मला का माहीत नाही? मुलांचं पान नसतं, श्राद्ध नसतं, काही नसतं. मोठ्यांनी लहानांपुढे वाकायचं नसतं म्हणून. माझा भाऊ चार वर्षांचा गेला, आईने आयुष्यभर त्याच्यासाठी शिताचा कण ठेवला नाही. ठेवायची सोय नव्हती.

मी म्हटलं, 'ती एकशे सात वर्षांची आहे. या घरात सगळ्यांत मोठी.'

चान म्हणाला, 'एकशे आठ. आज सोल्लाल आहे.' आणि वाटी नीट सरळ केली. मग त्याने स्वतःची वाटी घेतली, मिटक्या मारत खाल्ली आणि सहा वर्षांचा झाला.

आधी जावई वाकला, मग मि-रान. दोघंही बराच वेळ उठली नाहीत. शेवटी मी. गुडघे वाकत नाहीत, चानने कोपराला धरलं. कपाळ जमिनीला टेकलं. जमीन गरम होती. तिचं अंथरूण जिथे असायचं तीच जागा.

'ताई,' मी म्हटलं.

चान म्हणाला, 'आजी, मोठ्याने म्हण. तिला इकडून ऐकू येत नाही.'

मग मोठ्याने म्हटलं.